समाजाची देग

भाव विचारू नका, माझा सौदा झालेला आहे. पण आलाच आहात तर दोन घटका बसा. मी तांब्याची देग बोलतेय. लातूरच्या बाजारात बसलिंगप्पांच्या मोडीच्या दुकानात, फुटक्या घागरी आणि चेपलेल्या समयांच्या ढिगाशेजारी, आतून लख्ख पांढरी दिसणारी ती मीच. येणारं गिऱ्हाईक माझ्यात डोकावतं आणि विचारतं, "ही तर नव्यावानी दिसती, मोडीत कशी आली?" बसलिंगप्पा नुसते हसतात. त्यांना पुरतं माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म नांदेडचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. रुंद पोट, जाड काठ, दोन बाजूंना दोन कड्या. दोन गड्यांशिवाय जागची हलणार नाही आणि एका वेळी शंभर पानांचं वरण शिजवीन, असा माझा तोरा होता. असल्या मोठ्या पातेल्याला आमच्या भागात निजामाच्या काळापासून देगच म्हणतात.

मला विकत घ्यायला आले ते निवृत्तीअण्णा. औशाच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतले हे वडीलधारे. त्या गावात गावकीची मोठी भांडी होती, पण वस्तीतल्या लग्नाला ती मिळत नसत. मागायला गेलं की "कालच दुसरीकडं दिली" हे उत्तर ठरलेलं. एका लग्नात वऱ्हाडाचं जेवण डालड्याच्या डब्यांत शिजवावं लागलं आणि पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं. ते हसणं अण्णांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी घरटी वर्गणी काढली, बायकांनी खुरपणीची एकेक दिवसाची मजुरी दिली, आणि मी वस्तीत आले. येण्याआधी तांबटाकडून माझ्या काठावर ठोक्यांची अक्षरं घालून घेतली: 'समस्त बौद्ध समाज'. मी कोणा एकाची नाही, हे जन्मापासून माझ्या अंगावर लिहिलेलं आहे.

अण्णांनी नियम एकच केला. ज्याच्या घरी कार्य, त्यानं देग न्यावी आणि परत देताना कल्हई करून द्यावी. आजच्या पोरांना कल्हई सांगावी लागते. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ मुलामा देतात, ती कल्हई. ती उडाली की तांबं उघडं पडतं आणि आंबट पदार्थ त्यात कळकतो, खाणाऱ्याला बाधतो. "आपलं जेवण झालं म्हणून काय झालं?" अण्णा म्हणायचे. "पुढच्याचं व्हायचं हाय की."

पुढं वीस वर्षं मी लग्नं पाहिली, नामकरणं पाहिली, चौदा एप्रिलच्या पंगती पाहिल्या. मग त्र्याण्णवचा भूकंप पाहिला. गणपती बोळवून गाव निजलं होतं, ते पुरतं उठलंच नाही. गावातली मोठी घरं दगडमातीची आणि धाब्यावर हातभर माती. ती बसली ती माणसांना घेऊनच. वस्तीतली बरीच घरं कुडाची आणि पत्र्याची होती. गरिबीनं जन्मात कधी कोणावर उपकार केले असतील तर ते त्या पहाटे. तरी वस्तीतलीही माणसं गेलीच. मी समाजमंदिराच्या कोपऱ्यात पालथी पडले होते. भिंतीचा दगड माझ्या कुशीवर आला आणि पोचा पडला. तो अजून आहे, हात लावून बघा.

त्याच दिवशी अण्णांनी दोघांना हाताशी घेऊन मला दगडमातीतून ओढून काढलं, तीन धोंड्यांवर चढवलं आणि मिळेल त्या डाळ-तांदळाची खिचडी टाकली. ढवळायला उभी होती पंचफुला. ज्ञानोबाची बायको, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिचे सासू-सासरे सकाळीच ढिगाऱ्यातून काढून बाहेर ठेवले होते. रडत बसायला सवड नव्हती म्हणून ती ढवळत होती. सारं गाव माझ्यासमोर हातात मिळेल ते भांडं घेऊन उभं राहिलं. गावकीची भांडी ज्या माळ्यांवर होती, ते माळे भुईला मिळाले होते. त्या दिवशी माझ्या काठावरची अक्षरं कोणी वाचली नाहीत. पुढं मदत आली, पत्र्याच्या शेडा आल्या, शेडांच्या ओळी वेगवेगळ्या झाल्या, आणि अक्षरं पुन्हा सगळ्यांना दिसू लागली. पोट भरलं की माणसाची नजर सुधारते.

ज्ञानोबाला भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर लातूरच्या एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. नव्या गावठाणात मला ठेवायला धड जागा नव्हती. अण्णांनी मला त्याच्या हवाली केलं.

"ज्ञानोबा, ही तुझी न्हाई, ध्यानात ठिव. कार्य निघालं की कल्हई करून आणून द्यायची."

"हाव अण्णा," ज्ञानोबा म्हणाला, आणि मला टेम्पोत चढवून लातूरला घेऊन आला.

लातूरला तेव्हा शिकवण्यांचं पीक जोरात होतं. भूकंपात गेलं त्याच्या दुप्पट शहर वर आलं, आणि त्यातलं निम्मं तरी शिकवणीवर. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे घराएवढे मोठे फोटो. उदगीर, मुदखेड, कुठून कुठून पोरंपोरी ट्युशन एरियात राहायला यायची आणि पहिल्याच आठवड्यात घरच्या जेवणासाठी रडायची. पंचफुलानं ते रडणं ऐकलं आणि मेस काढली. आधी अण्णांना विचारलं. अण्णा स्वतः येऊन, माझ्यातलं वरण-भात जेवून, ढेकर देऊन म्हणाले, "वापर पोरी. लेकरांच्याच पोटात जातंय. निस्ती कल्हई चुकवू नको." दर वर्षी जयंतीच्या आधी पंचफुला कल्हई करून घ्यायची. अण्णा वारले, त्या वर्षीही तिनं चुकवली नाही.

तिला एकच मुलगी, महामाया. माझ्याच शेजारी पाटावर बसून अभ्यास करायची. पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "आई, वरण लागतंय बघ खाली." तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिच्याएवढं वस्तीतलं आजवर कोणी शिकलं नव्हतं, म्हणून तिच्यापेक्षा जास्त इतरांनाच तिला डॉक्टर करायचं होतं. बारावी झाली आणि सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली. ट्युशन एरियात असल्या थोडक्यात हुकलेल्यांसाठी दुसरी दुकानं असतात. तिथल्या एका गुळगुळीत माणसानं ज्ञानोबाला समजावलं, की इथल्या खाजगी कॉलेजच्या पैशात तिकडं दोन डॉक्टर होतात. तिकडं म्हणजे किर्गिझस्तानात. पंचफुलाला ते नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ती नुसतं 'तिकडं' म्हणायची.

ज्ञानोबानं फंडातून उचल केली, सोसायटीचं कर्ज काढलं. महामाया विमानात बसली. वस्तीतून लोक निरोपाला आले होते. सगळ्यांनी जय भीम केला, फोटो काढले. हिशेब फक्त पंचफुलानं केला, मनातल्या मनात.

तो हिशेब एक वर्ष जमला. पुढं मात्र दोन गोष्टी एकाच वेळी वर चढायला लागल्या. एक तूरडाळ, दुसरा डॉलर. महामायाची फी डॉलरमध्ये. डॉलर म्हणजे काय, ते पंचफुलाला माहीत नव्हतं. पण तो रुपयानं चढला की मेसची किती ताटं खातो, ते तिला बरोबर कळायचं. टीव्हीच्या खालच्या पट्टीत आकडा पळायचा आणि ती पोळी लाटता लाटता मान वळवून बघायची. ज्ञानोबा म्हणायचा, "त्या पट्टीकडं बघून काय भाव उतरणार हाय?" ती म्हणायची, "उतरंना का. निदान तोंडावर तरी पडू दे."

घर चालवणाऱ्या बाईची अक्कल महागाईतच कळते. पंचफुलानं आधी स्वतःचा चहा सोडला, मग दुपारचं जेवण ठेच्यावर आणलं. ज्ञानोबा कचेरीत सायकलनं जायला लागला आणि लोकांना सांगायला लागला की डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय. अंगावरचं सोनं गेलं. पोत तेवढी राहिली, तिच्यातले मणी पिवळे पण बेन्टेक्सचे. एवढं करून मेसच्या पोरांचं ताट तिनं पुष्कळ दिवस हलू दिलं नव्हतं. ताटाचा दर वाढवावा तर चार घरं सोडून दुसरी मेस उभीच होती.

महामायाचा फोन यायचा. मागं बर्फ दिसायचा, अंगात जाड कोट.

"आई, इथं वरण मिळत नाही गं. तुझं घट्ट वरण खावंसं वाटतं."

"ये ना मंग डॉक्टर होऊन. देगभर करते."

"पैशाची ओढ नाही ना होत?"

"न्हाई गं माये. बरं चाललंय. तू तुझं बघ."

फोन ठेवला की ती माझ्यात पाण्याचा आणखी एक तांब्या ओतायची. हे मी बोलत नाही, माझं पोट बोलतंय. डाळ किती आणि पाणी किती, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

तुरीनं दोनशेचा आकडा गाठला, तेव्हा तिनं डाळ निम्म्यावर आणली. पातळपणा झाकायला चिंच आणि तिखट घातलं. पोरांना आंबट-तिखट आवडलंही. "काकू, आमटी भारी," म्हणाली. पुढं लातूरचं पाणी आटलं. रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुम्ही वाचलं असेल. पंचफुला टँकरचं विकत घ्यायची. सकाळची उरलेली आमटी ती आधी स्टीलच्या पातेल्यात काढून ठेवायची. आता म्हणाली, एक भांडं कमी घासायला लागेल, आणि आमटी माझ्यातच राहू लागली. मग जयंती आली. कल्हईवाला दारात येऊन गेला. त्याचेही दर वाढले होते आणि त्याच आठवड्यात तिकडं पैसे पाठवायचे होते. माझ्या तळाशी तांबं लालसर दिसायला लागलेलं तिनं बघितलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "पुढल्या म्हैन्यात करू."

चिंच, पाणी आणि कल्हई. तिन्ही बचती आपापल्या जागी शहाणपणाच्या होत्या. त्या एकत्र कुठं आल्या, तर माझ्या पोटात.

तिच्या मेसला मुग्धा नावाची मुदखेडची मुलगी होती. आई तिथल्या शाळेत बाई. मुग्धा पंचफुलाच्या जवळ बसून जेवायची, कारण तिला घरची आठवण यायची. आणि पंचफुला तिला आग्रह करून वाढायची, कारण तिला तिकडची आठवण यायची. मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा उद्यावर आली होती. पोरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मुग्धा एकटी म्हणाली, "काकू, आमटी आज जरा कडवट लागतीय."

"चिंच जुनी हाय बाळा. खा. उद्या डोकं चालाया पायजे." आणि तिनं सकाळपासून माझ्यात राहिलेल्या आमटीची आणखी एक पळी मुग्धाच्या ताटात ओतली. लेकीला वाढतात तशी, तळातली, दाट.

बाकीच्यांनी दोन घास खाल्ले होते. त्यांना मळमळलं आणि निभावलं. मुग्धाला उलट्या थांबेनात. परीक्षेच्या वेळी ती दवाखान्यात सलाईन लावून पडली होती. पोरगी वाचली, पण परीक्षा गेली. जिच्यासाठी घर सोडून दोन वर्षं खोलीत कोंडून घेतलं, ती गेली.

तिची आई, मालविकाबाई, दवाखान्यातून थेट मेसवर आल्या. आरडाओरडा करतील म्हणून शेजारणी दारात जमल्या. त्या ओरडल्या नाहीत. माझ्यापाशी येऊन वाकल्या, आत बोट फिरवलं आणि बघितलं. बोटाला हिरवट लागलं होतं.

"कल्हई नाही केली?"

पंचफुला मान खाली घालून उभी होती. "न्हाई, बाई. या साली र्‍हायली."

"का?"

"लेकीला पैसे धाडायचे होते. ती बी डॉक्टरकी शिकून राहिली."

मालविकाबाईंनी ते बोट पदराला पुसलं. म्हणाल्या, "माझीही तेच शिकणार होती." आणि गेल्या. चार शिव्या देऊन गेल्या असत्या तर पंचफुलाला बरं वाटलं असतं.

शिव्या देणारे नंतर आले. मेस दोन दिवसांत ओस पडली, आणि ट्युशन एरियात पालक आपसात बोलायला लागले. "मेस कुणाची आहे, आडनाव काय, हे आधी बघून घ्यावं, मी म्हणतच होते." पंचफुलानं हे किराणा दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकलं. चूक एका बाईच्या एका महिन्याची, आणि नाव निघालं माझ्या काठावरचं. ती घरी आली आणि त्या अक्षरांवर हात ठेवून रडली. भूकंपात रडली नव्हती, ते धरून रडली.

ज्ञानोबाला सगळ्यात मोठा घोर महामायाच्या शेवटच्या फीचा. ती भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आजवरचं सारं पाण्यात. घरातलं जे जे विकण्यासारखं, ते गेलं. मेसचा गॅस, पाट, स्टीलची ताटं, ज्ञानोबाची सायकलसुद्धा. तरी थोडं कमी पडत होतं. दोघंही माझ्याकडं बघत नव्हती, म्हणूनच मला कळलं की दोघांच्या मनात मीच आहे.

शेवटी पंचफुलाच बोलली. "तांब्याला भाव हाय म्हणं."

ज्ञानोबा म्हणाला, "ती आपली न्हाई."

"गेल्या कैक वर्षांत कुणी मागायला आलं का? आता समदे मंडपवाल्याची भांडी घेतेत."

"अण्णाला काय सांगू?"

"अण्णा कवाच गेले की."

"म्हणूनच इचारलो," ज्ञानोबा म्हणाला. फीची तारीख मात्र थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघांनी कड्यांना धरून मला हातगाड्यावर चढवलं. मला वाटलं, गाडा सरळ मोडीच्या दुकानाकडं जाणार. पंचफुलानं तो वाटेत दुसरीकडंच वळवला आणि कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी थांबवला.

"अगं, खुळी झालीस का?" ज्ञानोबा म्हणाला. "मोडीत द्यायची, तिला कल्हई? फीला कमी हाय अन् इथं घालवतीस?"

"दोन दिस उपाशी राहू," ती म्हणाली. "पर अशीच न्हाई द्यायची."

कल्हईवाल्यानं मला तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. धुराचा लोट उठला आणि आतून मी पांढरी झाले. पंचफुला वाकून माझ्यात बघत होती. तिला स्वतःचं तोंड दिसलं असेल. मला दिसली ती खिचडी ढवळणारी नवी नवरी, नुसती म्हातारी झालेली. ही कल्हई मुग्धासाठी व्हायला हवी होती. ते तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

बसलिंगप्पांनी मला तराजूवर घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, हे काय केलात? कथील लागलेल्या तांब्याला भाव कमी बसतो. तशीच आणली असती तर चार पैसे जास्त दिलो असतो."

"कमी द्या," पंचफुला म्हणाली. "समाजाची हाय. कल्हई केल्याबगर परत द्यायची न्हाई, अशी रीत हाय आमची."

"परत? परत कुणाला? मला तर इकून राहिलात की तुम्ही."

तिनं पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि गेली. ज्ञानोबा मागं वळून बघत होता. तिनं बघितलं नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. महामायाची फी वेळेत पोचली की नाही, मला कळायला मार्ग नाही. मुग्धा पुढच्या वर्षी परीक्षेला बसली का, तेही कोणी सांगत नाही. मोडीच्या दुकानात फक्त भाव सांगतात. आज-उद्या घणाचे घाव पडतील, काठ तुटेल, अक्षरं वितळतील, माझी कुठंतरी विजेची तार होईल. तार झाले तर झाले. एका कुणाची नव्हते, तशीच पुढंही राहीन.

तुम्ही मोठ्या मनानं ऐकलंत, म्हणून एक मागते. औशाच्या बाजूचं, निवृत्तीअण्णांच्या वस्तीतलं कोणी भेटलं आणि देगेची चौकशी केली, तर खोटं बोलू नका. विकली म्हणून सांगा. पंचफुलानं विकली, म्हणून सांगा. आणि ते तोंड फिरवून निघाले, तर त्यांना हाताला धरून थांबवा आणि एवढंही सांगा, की तिनं कल्हई करून दिली.

जय भीम.